लातूरमधली माती तपासणी: बोअर चोख, कागद ढिसाळ

चार तारे. पाचवा का कापला ते खाली येईलच.

औसा रोडला दुमजली घर बांधतोय. लॅबवाले फोनवर म्हणाले, "ताई, शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट आहे, तोच लावू. माती सारखीच." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीच्या भूकंपात मी निलंग्यात बाजेसकट हलले होते. मला 'सारखीच' चालत नाही. माती तपासायचे दोन बोअर, १८,००० रुपये ठरले.

पोरं कामाची निघाली. तिपाईवरून ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडायचा, नळी ४५ सेंटीमीटर आत घालवायची; पहिले १५ सोडून पुढच्या ३० चे ठोके धरायचे. ठोके जास्त, तितकी माती घट्ट. मी खुर्ची टाकून वहीत रेघा ओढत बसले. काळ्या मातीत ७ ठोके, खाली पिवळ्या मुरमात २६, पाच मीटरवर नळी हलेचना. "रिफ्युजल आलं, ताई."

दुसरा बोअर पूर्वेच्या कोपऱ्यात. तीन मीटरवर फक्त ४! वर आले विटांचे तुकडे, चिखल, एक कॅरीबॅग. शेजारचे आजोबा म्हणाले, इथून नाला जायचा, लेआउट पाडताना बुजवला. नकाशात तिथं छान सरळ रस्ता आहे.

लॅबच्या इंजिनिअरनं नीट समजावलं, घाबरवलं नाही. मऊ थरात भूकंपाची लाट मंदावते आणि फुगते. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेवर किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत, साबरमतीच्या गाळावर, बहुमजली इमारती पडल्या त्या अशाच. बांधकामाचे दोष होतेच, ते वेगळे. बुटकं घर भराभर डुलतं, उंच इमारत सावकाश, आणि मऊ मातीचा हेलकावाही सावकाशच, म्हणजे उंच इमारतीशी जुळणारा. त्यामुळे भूकंपाच्या बांधकाम-नियमांच्या (कोडच्या) हिशेबात आमच्या दुमजलीला मातीच्या प्रकारानं फारसा फरक नाही, सात मजल्यांना मऊ मातीत खडकापेक्षा दीडपटीहून जास्त जोर धरावा लागतो. आमची अडचण निराळी: अर्धं घर मुरमावर, अर्धं भरावावर, म्हणजे एकच बाजू खचायची भीती. पायाचे सगळे फुटिंग मुरमापर्यंत नेले. खर्च वाढला.

आता तक्रार. रिपोर्ट बारा दिवस उशिरा, त्यात दोन्ही बोअरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल. माझी वही नसती तर नाला पश्चिमेला गेला असता! दुरुस्त करून दिला, पण दोन चकरा झाल्या.

नाल्याच्याच रेषेत, कोपऱ्यावर सात मजली स्कीमचं बुकिंग चालू आहे. सहज विचारलं, बोअर घेतलेत का? सेल्सचा मुलगा खुशीत म्हणाला, "दोन घेतलेत मॅडम. भरपूर पाणी आहे."