जुन्या मॅटाडोरचे मूळ भाग: वावरातली गाडी घ्यावी, पॅक पीस शोधावे की लोकल चालवावं?

बजाज टेम्पोची जुनी मॅटाडोर व्हॅन कॅम्पर म्हणून, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी, उभी करायला घेतली की पैसा इंजिनात कमी आणि किरकोळ भागांत जास्त मुरतो. इंजिन कुठलाही बरा डिझेल मिस्त्री बांधून देतो. पुढची काच, दाराचं कुलूप, दिव्याची रिंग, डॅशमधलं मीटर, समोरचा बॅज मात्र काउंटरवर मागून मिळत नाही. विदर्भातल्या गावात राहून हे गोळा करायचं तर वाटा तीन. वावरात किंवा जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) कंपाउंडमध्ये पडलेली अख्खी गाडी पार्टसाठी घ्यायची, जुन्या दुकानांत डब्यातच न वापरता पडून राहिलेले मूळ भाग, म्हणजे पॅक पीस, शोधायचे, नाहीतर नवी नक्कल, म्हणजे लोकल, बसवायची. एकाच वाटेने गाडी पूर्ण होत नाही. आमचा कल असा: पत्रा, काच, दारं वावरातल्या गाडीतून, इलेक्ट्रिक आणि डिझेल पंपाचे भाग पॅक पीस, रबर आणि ब्रेकचे वायसर नवेच.

आधी आरसी बघा

मूळ भागांसाठी किती जीव काढायचा हे आरसीवरच्या पहिल्या नोंदणीच्या तारखेवर ठरतं. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी तिला पात्र ठरते. अट एवढीच की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. बदल्यात रोजचा वापर बंद. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते.

म्हणजे चिखलदऱ्याला आणि ताडोब्याला मनाला येईल तेव्हा निघायचं असेल, तर ही नोंदणी तुमच्या कामाची नाही. मग नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण आणि कॅम्परसाठी बदलाची रीतसर परवानगी, आणि त्या गाडीत लोकल दिवा बसवला म्हणून काही बिघडत नाही. विंटेज नंबर हवा असेल तर छपराला भोक पाडण्याआधीही विचार करा. गाडीची नोंद मालवाहू असेल तर एकही भाग विकत घेण्याआधी आरटीओत विचारून या.

वावरातली गाडी

कापूस, संत्रा, बाजारकरी, वऱ्हाड, बँडवाले असं सगळं या गाडीने वाहिलं, त्यामुळे पडीक मॅटाडोर अजून सापडतात. जिनिंगच्या मागे, मंगल कार्यालयाच्या सांदीत, गोठ्याला टेकून, कधी धुऱ्यावर कुटाराची कोठी होऊन. सरकारी विभागांच्या निर्लेखित वाहनांचे लिलावही बघत राहावेत.

इथल्या गाडीचा मोठा गुण कोरडी हवा. मुंबई-कोकणातल्या गाडीचा पत्रा जिथे चाळणी झालेला असतो, तिथे यवतमाळ-अकोल्याकडची दारं, बॉनेट आणि छप्पर बहुधा शाबूत निघतं. सडतं ते खालून. काळी माती ओल धरून ठेवते, आणि चाकं खचून बॉडी मातीला टेकली असेल तर फ्लोअर, पायदान आणि दाराची खालची कड गेलीच समजा. लोहचुंबक फिरवा, पुट्टी भरलेल्या जागी तो धरत नाही. उलट बाजूने, 45 अंशांच्या उन्हाळ्यांनी रबर, सीट आणि डॅशचं प्लास्टिक संपवलेलं असतं आणि वायरिंग उंदरांनी. त्या चारही गोष्टींची किंमत शून्य धरूनच बोलणी करा.

मालक एकेका भागाचा भाव सांगतो: काचेचे इतके, दाराचे इतके. त्यात अडकू नका. जिनिंगचा वजनकाटा जवळच असतो. गाडीचं वजन गुणिले त्या दिवसाचा भंगाराचा भाव, ही तळाची किंमत. त्यावर पुढची काच शाबूत असेल तर तिचे वेगळे पैसे द्यायला हरकत नाही, कारण बाकी सगळ्याला पर्याय निघतो, वक्र काचेला निघत नाही.

वेळही सांभाळा. शेवटची वेचणी होऊन पऱ्हाटी उपटली की वावर मोकळं होतं. तेव्हापासून मृगापर्यंत ट्रॅक्टरने गाडी ओढून काढता येते. एकदा पाऊस लागला की काळ्या जमिनीतून ती दिवाळीपर्यंत हलत नाही, आणि तोवर आणखी एक पावसाळा फ्लोअर खातो. हात घालण्याआधी काठीने बॉडी ठोका. सीटखाली साप आणि छपराच्या पट्टीत गांधीलमाश्या या नियमाने असतातच.

कागद विसरू नका. पार्टसाठी घेतलेल्या गाडीची नोंदणी मूळ मालकाच्या नावावर जिवंत राहिली तर पुढे दोघांनाही त्रास. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 खाली नोंदणी रद्द करून घ्या, विक्रीचा कागद करा, आणि चेसिस नंबर असलेला तुकडा आरटीओ सांगेल त्याप्रमाणे जमा करा. दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर आपल्या गाडीत येता कामा नये.

सोडवताना क्रम पाळा. सगळ्यात आधी डिझेल टाकी उतरवून दूर ठेवा, मगच गॅसचा टॉर्च पेटवा. मग काचा. पुढच्या काचेचं वाळलेलं रबर वाचवायच्या नादात काच जाते. रबर ब्लेडने आतून कापा आणि दोघांनी मिळून काच बाहेर ढकला. काच आडवी ठेवू नका, लाकडी पट्ट्यांवर उभी ठेवा. दार बिजागऱ्यांसह काढा, आणि दाराच्या आतली काच वर-खाली करणारी यंत्रणा दारातच राहू द्या. त्यानंतर हँडल, कुलपं, दिव्यांच्या रिंगा, मीटर, पॅडल, स्टिअरिंग कॉलम. शेवटी पुढचे हब आणि शाफ्ट. ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, त्यामुळे ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट हा तिचा नाजूक भाग. रबरी बूट फाटलेला असेल तर आतलं ग्रीस बोटावर घेऊन बघा. ते पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय, आणि बॉलच्या वाटेवर खड्डे पडलेले असणार. नट आदल्या रात्री भिजवून ठेवा आणि प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसह.

पॅक पीस

तालुक्याच्या गावातल्या जुन्या ऑटोमोबाइल दुकानांच्या माळ्यावर आणि मोठ्या शहरांच्या बाजारांत, म्हणजे मुंबईतलं कुर्ला, दिल्लीतलं मायापुरी, चेन्नईतलं पुदुपेट, असा माल निघतो. पण मायापुरीत बहुतेक वापरलेला माल असतो. पॅक पीसची आशा जुन्या डीलरच्या गोदामात जास्त. पार्टचं नाव सांगून विचारू नका, जुना भाग हातात घेऊन जा. ‘मॅटाडोर’ या एका नावाखाली एफ-305, एफ-307 अशी मॉडेलं निघाली, आणि दुकानदार जे हाताला लागेल ते देतो.

डबा किती जुना हे त्यावरची छपाईच सांगते. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो 1972 नंतरचा. इंग्रजीत ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ छापलं असेल तर साधारण 1995 नंतरचा. डिझेल पंप आणि नोझल बनवणारी ‘मायको’ ही कंपनी 2008 मध्ये ‘बॉश लिमिटेड’ झाली. ‘बजाज टेम्पो’चं 2005 मध्ये ‘फोर्स मोटर्स’ झालं. त्यामुळे डबा बजाज टेम्पोचा, जुनाट पिवळा, आणि त्यावर बारकोड चमकतोय, तर तो डबा तपासल्याशिवाय उचलू नका. डबा खरा आणि आतला माल लोकल, हा प्रकारही नेहमीचा. ओतीव भागावरचं कास्टिंगचं चिन्ह आणि धार पाहा. लोकल ओतकामात जोडाची रेघ घासलेली नसते आणि नंबर पसरट उमटतो.

काय घ्यावं? डिझेलचे नोझल आणि पंपाचे एलिमेंट तेलात बुडवून सीलबंद आलेले असतात, ते वर्षानुवर्षं टिकतात. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, गिअर, दिव्यांच्या काचा, स्विच, मीटरही घ्या. मुंबईकडचा स्विच किंवा रिले असेल तर आतले पॉइंट हिरवे पडलेत का ते पाहून घ्या. आणि काय घेऊ नये: जुन्या पुडीतलं कुठलंही रबर. ऑइल सील, ब्रेक किटचे वायसर, पुढच्या काचेचं रबर, शाफ्टचा बूट. पुडी फोडलेली नसली तरी आतलं रबर म्हातारं होतंच. नख रोवून बघा, खूण तशीच राहिली किंवा दुमडल्यावर बारीक चिरा दिसल्या तर ते शोभेचं. ब्रेकच्या बाबतीत तर अस्सलपणाचा हट्टच नको. मास्टर सिलिंडरची बॉडी मूळ ठेवा, बोअरला खड्डे असतील तर पितळी स्लीव्ह बसवून मापाला आणा, आणि वायसर याच वर्षीचे टाका.

लोकल कुठे चालतं

रबरात, आणि चपट्या काचांत. काचेच्या रबराचा दोन इंचांचा तुकडा नमुना म्हणून द्या आणि इपीडीएम या उन्हापावसात टिकणाऱ्या रबरात तसाच प्रोफाइल काढून घ्या. दोन खाचा असतात, एक काचेच्या जाडीची, दुसरी पत्र्याच्या कडेची. दोन्ही कॅलिपरने मोजून लिहून द्या, कारण वाळलेल्या नमुन्याची खाच आक्रसलेली असते. लांबी काचेच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवा आणि ती दाबून बसवा. अगदी मापात कापलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात आखडते, जोड उघडतो आणि जूनमध्ये पाणी थेट वायरिंगवर. बसवताना खाचेत सुतळी, साबणाचं पाणी, एक जण बाहेरून दाबणारा, एक आतून सुतळी ओढणारा.

बाजूच्या चपट्या काचा लॅमिनेटेडमध्ये कापून मिळतात. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, म्हणून ती मापावरच बनवून घ्यावी लागते. पुढची काच लॅमिनेटेडच हवी. कडेला दोन थरांमधली रेघ दिसते. कडेने पांढुरकी पडली असेल तर थर सुटायला लागलेत.

लोकल दार, बंपर, जाळी मात्र टाळा. पत्रा पातळ असतो आणि बिजागरीच्या जागा जुळत नाहीत. मग मिस्त्री गाडीची चौकटच ठोकून जुळवतो, आणि नंतर मूळ दार मिळालं तरी ते बसत नाही.

फोक्सवॅगन कोम्बीचा मोह असेल तर

भागांच्या बाबतीत कोम्बी (फोक्सवॅगनची जुनी टाइप 2 व्हॅन) एका अर्थाने सोपी आहे. नक्कल मालही बाहेर ढिगाने बनतो आणि जवळपास प्रत्येक भागावर नंबर असतो. मॅटाडोरला ती सोय नाही. पण इथे बसून सगळं परदेशातून आणायचं, वर कस्टम. शिवाय आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. टाइप 2 च्या नंबरात सुरुवातीला 214 असेल तर तो भाग उजव्या स्टिअरिंगचा, 211 असेल तर मूळ डाव्या गाडीचा, पण दोन्हींना चालणारे भागही 211 नेच सुरू होतात. ब्राझीलमध्ये ही गाडी 2013 पर्यंत बनत होती, पण स्टिअरिंग डावीकडे. तिथला 2005 पर्यंतच्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) इंजिनचा भाग चालेल, पॅडल आणि डॅश नाही. चाकं घेताना 1971 चं मॉडेल ही सीमारेषा. त्याआधी पाच बोल्टचं वर्तुळ 205 मिलिमीटरचं, त्या मॉडेलपासून 112 चं. तालुक्याच्या मिस्त्रीने आयुष्यात एअर-कूल्ड इंजिन उघडलेलं नसतं, हेही हिशेबात धरा.

कॅम्परचं सामान

भारतात त्या काळी कारखान्यातून कॅम्पर म्हणून निघालेली मॅटाडोर शोधत बसू नका. जुळणारं सामान म्हणजे त्याच काळातलं सामान: 20 लिटरचे जेरी कॅन, कॅनव्हासची फोल्डिंग खाट, छपरावरचं कॅरियर, पितळी स्टोव्ह. कॅन आत गंजलेला नाही ना ते टॉर्चने पाहा, आणि झाकणाची वायसर नवी घाला. स्टोव्ह सजावटीला ठेवा, किंवा दार उघडं टाकून बाहेर पेटवा. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. खाट, कपाट, ओटा यातलं काहीही बॉडीला वेल्ड करू नका. सीटच्या मूळ बोल्टच्या जागा मोकळ्या असतात, त्यातच पट्ट्या घालून कसा, म्हणजे तपासणीच्या दिवशी पाना घेऊन सगळं उतरवता येतं.