चार बाटल्या, चार आकडे: नळाच्या पाण्यातलं शिसं तपासून घेतलं, त्याचा अनुभव

नळाच्या पाण्यातलं शिसं तपासणाऱ्या या घरपोच खोक्याला पाचपैकी चार तारे देते आहे. चार का आणि पाचवा का नाही, दोन्ही सांगते.

नात अडीच महिन्यांची असताना वरचं दूध सुरू झालं. डबा डॉक्टरांनीच लिहून दिला होता. पाणी आम्ही दहा मिनिटं खळखळ उकळत होतो, बाटली उकळत होतो, चमचासुद्धा उकळत होतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी घर किती जुनं आहे विचारलं. मी म्हटलं, पन्नासेक वर्षांचं. त्यावर त्यांनी विचारलं, "नळातलं शिसं कधी तपासलंय का?" तोपर्यंत मला वाटत होतं की उकळलं म्हणजे विषय संपला. उकळल्याने जंतू मरतात, शिसं मात्र कुठेही जात नाही. उलट वाफ होऊन पाणी कमी होतं आणि शिसं तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. शिवाय त्याला रंग नाही, वास नाही, चवही कळत नाही.

लहान बाळाच्या बाबतीत हे फार जपायला हवं. तेवढंच शिसं पोटात गेलं तरी लहान मुलांचं शरीर ते मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं भासतं, म्हणून हाडांत साठतं आणि वाढत्या मेंदूलाही इजा करतं. मोठ्या माणसाच्या आहारात पाण्याबरोबर आणखी दहा गोष्टी असतात. भुकटीचं दूध पिणाऱ्या बाळाचा मात्र जवळजवळ सगळा आहारच त्या पाण्यात कालवलेला असतो.

मुलाने आधी पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल काढून दाखवला. त्यात शिसं मर्यादेच्या खूप खाली होतं, आणि तो अहवाल खोटा नव्हता. पण तो त्यांच्या पाण्याचा अहवाल होता, माझ्या नळाचा नव्हता. शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्यात शिसं बहुधा नसतंच. ते वाटेत मिसळतं. कुठे रस्त्यावरच्या मुख्य नळीपासून घरापर्यंत येणारी जुनी शिशाची जोडनळी असते, कुठे तांब्याच्या नळीला दिलेला शिसं-कथलाचा डाख. पितळ कातायला सोपं जावं म्हणून त्यातही शिसं घालतात, त्यामुळे तोट्या आणि व्हॉल्व्ह आले. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या आणि शिसेयुक्त स्थिरक (प्लास्टिक टिकावं म्हणून घालतात ते रसायन) वापरलेले पीव्हीसी पाइपही त्यात आले. म्हणून एकाच गल्लीतल्या दोन घरांचे आकडे अगदी वेगळे येऊ शकतात.

मग मुलाने टीडीएस मीटर बुडवला. १८० दाखवलं. "आई, पाणी उत्तम आहे." मी तीस वर्षं गणित शिकवलं आहे, म्हणून कागद घेतला. मीटर सांगतो की लिटरमध्ये सगळे क्षार मिळून साधारण १८० मिलिग्रॅम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने शिशासाठी दिलेलं मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. मीटर एकेका पूर्ण मिलिग्रॅमने पुढे सरकतो, त्यामुळे शिसं मर्यादेच्या पन्नास पट असलं तरी त्याचा काटा जागचा हलणार नाही. मीटर वाईट नाही, पण तो या प्रश्नासाठी बनवलेलाच नाही.

म्हणून ही घरपोच तपासणी मागवली. खोक्यात चार बाटल्या, चिकटपट्ट्या, सूचनापत्रक आणि परत पाठवायचं पाकीट होतं. पहिली बाटली २५० मिलिलिटरची, दुसरी ७५० ची, तिसरी आणि चौथी एकेक लिटरच्या. माझे तीन तारे या चार बाटल्यांसाठीच आहेत, कारण आधी चौकशी केलेल्या दोन ठिकाणी एकच बाटली भरून मागत होते.

पद्धत अशी: नळ किमान सहा तास बंद ठेवायचा. सकाळी कोणीही पाणी घ्यायच्या आधी पहिली बाटली भरायची आणि नळ बंद न करता लगेच दुसरी. मग पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि तिसरी भरायची. चौथी बाटली दुसऱ्या कुठल्याही नळाची, तीही रात्रभर साचलेल्या पाण्याची.

पहिला प्रयत्न वाया गेला. रात्री तीन वाजता बाटली धुवायला सुनेने स्वयंपाकघरातला नळ सोडला, आणि मला सकाळी कळलं तोवर दोन बाटल्या भरून झाल्या होत्या. तसंच पाठवलं असतं तर आकडा खोटा चांगला आला असता, म्हणून ओतून दिलं. त्या रात्री नळावर कापड बांधून ठेवलं. "कोणीही नळ सोडू नये" ही सर्वांत महत्त्वाची सूचना पत्रकात सातव्या ओळीत, बारीक अक्षरांत आहे. ती नळाला अडकवायच्या चिठ्ठीवर छापून खोक्यात ठेवायला हवी.

दुसरी तक्रार बाटल्यांच्या तोंडाची. ती अरुंद आहेत, त्यामुळे नळ बारीक सोडावा लागतो. शिसं नुसतं विरघळलेलंच नसतं, त्याचे कणही सुटतात, आणि जोराच्या धारेने ते जास्त निघतात. रोज सोडतो तेवढ्याच जोराने नमुना घेतला तर खरं चित्र दिसतं. त्यासाठी रुंद तोंडाची बाटली लागते. याच कारणासाठी नमुन्याच्या आधी नळाच्या तोंडाची जाळीही काढायची नसते. पत्रकात जाळीचा उल्लेखच नाही.

नऊ दिवसांनी निकाल आला. वरच्या पानावर हिरवा शिक्का: "समाधानकारक". सून लगेच बाटली भरायला निघाली. मी पान उलटलं. आतल्या पानावर लिटरला मायक्रोग्रॅममध्ये चार आकडे होते: पहिली बाटली ३१, दुसरी ७, तिसरी ०.५ पेक्षा कमी, न्हाणीघरातली २.

शिक्का तिसऱ्या बाटलीवरून मारला होता, म्हणजे पाच मिनिटं वाहून गेलेल्या पाण्यावरून. पाचवा तारा मी इथे कापला. औषधाने ताप उतरल्यावर तो मोजायचा आणि माणूस आजारी नाहीच म्हणायचं, त्यातला हा प्रकार आहे.

लगेच फोन केला. त्यांच्या रसायनतज्ज्ञ बाईंनी पाऊण तास दिला, आणि कुठेही घाई केली नाही. त्या म्हणाल्या, "काकू, पहिल्या दोन बाटल्या एकत्र करून बघा." मी हिशेब केला. पाव लिटर ३१ चं आणि पाऊण लिटर ७ चं मिळून लिटरची सरासरी १३ येते. एकच लिटरची बाटली घेतली असती तर १३ हा आकडा आला असता, जरासा जास्त म्हणून आम्ही सोडून दिला असता, आणि पहाटेची पहिली दुधाची बाटली ३१ च्या पाण्याची भरत राहिलो असतो.

मग त्यांनी मला नळीची लांबी काढायला लावली. आतून १३ मिलिमीटर व्यासाच्या नळीत एका मीटरला साधारण १३० मिलिलिटर पाणी मावतं. म्हणजे पहिली बाटली नळाच्या तोंडापासून फार तर दोन मीटरपर्यंतचं पाणी सांगते आणि दुसरी साधारण साडेसात मीटरपर्यंतचं. शिसं बाहेरच्या जोडनळीत असतं तर दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आला असता, किंवा त्याहूनही पुढच्या लिटरात उसळला असता. आमच्याकडे पहिलाच मोठा होता आणि न्हाणीघर जवळजवळ स्वच्छ. "तुमचं शिसं नळातच आहे, नाहीतर ओट्यामागच्या हातभर नळीत," त्या म्हणाल्या. माझ्यापासून शेकडो कोसांवर बसून त्यांनी जागा सांगितली!

१० चा आकडा म्हणजे त्याखाली सगळं सुरक्षित, असा माझा समज होता, तोही त्यांनी दुरुस्त केला. ते मूल्य जागतिक आरोग्य संघटनेने तात्पुरतं म्हणूनच ठेवलं आहे. पाणी शुद्ध करताना काय साधतं आणि प्रयोगशाळेत काय मोजता येतं, यावर ते बेतलेलं आहे. शिशाची अमुक पातळी निर्धोक, असं कोणी सांगत नाही. युरोपीय संघाने तर जानेवारी २०३६ पर्यंत आपली मर्यादा ५ वर आणायचं ठरवलं आहे. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची गोष्टही निघाली. एप्रिल २०१४ मध्ये तिथे पाण्याचा स्रोत बदलला आणि नळ्यांची झीज रोखणारं रसायन घातलं गेलं नाही. नळ्या जुन्याच होत्या. पाणी बदललं तसा त्यांच्या आतला थर सुटला आणि घराघरांत शिसं आलं. त्यामुळे एकदा चांगला निकाल आला म्हणजे कायमचं झालं असं नाही. पाणी कुठून येतं ते बदललं की पुन्हा तपासायचं, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे.

दुरुस्ती होईपर्यंत तिसऱ्या बाटलीचं पाणी वापरा, असं त्यांनी सांगितलं. सकाळी पाच मिनिटं नळ सोडायचा, ते पाणी फरशीला आणि झाडांना घालायचं, आणि मग दिवसभराचं पिण्याचं पाणी एकदाच भरून झाकून ठेवायचं. गरम पाण्याच्या नळाचं पाणी दुधासाठी कधीच घ्यायचं नाही, कारण गरम पाण्यात शिसं जास्त सुटतं. डॉक्टरांनी नातीचं रक्तही तपासायला सांगितलं. तो आकडा खालचाच आला, तरी काही महिन्यांनी पुन्हा बघणार आहोत.

प्लंबर आला. त्याने जुनी पितळी तोटी काढली, जाळी उलटी करून तळहातावर आपटली. करड्या रंगाची कणी पडली, वाळूसारखी. मागे वीतभर तांब्याची नळी होती, दोन्ही टोकांना डाख. त्याने पेचकसाने डाखावर ओरखडा काढला, तर आतून मऊ आणि चकचकीत निघाला. शिसं असंच ओळखतात. दोन वेगळे धातू जोडलेले आणि त्यात पाणी साचलेलं, म्हणजे तिथे झीज होतच राहते. त्याने नळीचा तो तुकडाच कापून टाकला आणि डाखाशिवायची जोडणी केली. नवी तोटी घेताना मी शिशाचं प्रमाण लिहिलेलीच मागितली. "लेड फ्री" या शब्दांवर विसंबू नका. अमेरिकेत २०१४ पर्यंत ८ टक्के शिसं असलेल्या पितळालाही ते म्हणता येत होतं. आता पाण्याला लागणाऱ्या भागासाठी सरासरी ०.२५ टक्के ही मर्यादा आहे.

निकालासोबत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची जाहिरात आली होती. तपासणाऱ्यानेच यंत्र विकावं, हे मला पटत नाही. शिवाय त्यातलं एक यंत्र नुसतं अतिनील किरणांचं होतं. ते जंतूंसाठी ठीक, शिशाला त्याचा उपयोग शून्य. बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी तक्रार वर कळवते म्हटलं. यंत्र घ्यायचंच असेल तर शिसं काढण्यासाठी प्रमाणित केलेलं आहे का, हे पाहायला सांगितलं आणि एनएसएफ ५३ हा मानकाचा क्रमांक लिहून दिला, आरओ यंत्रासाठी ५८. (एनएसएफ ही अशी मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था.)

दुरुस्तीनंतर दोन आठवड्यांनी दुसरं खोकं मागवलं. पहिली बाटली ४ आली. नवं पितळ सुरुवातीला थोडं शिसं सोडतं, थांबा, असं बाईंनी सांगितलं. आणखी सहा आठवड्यांनी तीच बाटली ०.९ आली. शिक्का या वेळीही हिरवाच होता, पण खाली पेनाने चारही आकडे लिहिले होते. न्हाणीघरातले २ अजून तसेच आहेत. ती तोटी पुढच्या महिन्यात बदलणार आहे.