पॅरिऑनचं चांदीचं नाणं घेतलं: बैल एक नंबर, पॅकिंग बेकार

बरेच दिवसांपासून एखादं खरं ग्रीक चांदीचं नाणं पाहिजेच होतं, अथेन्सचं घुबडवालं आपल्या बजेटमध्ये बसत नाही, म्हणून ऑनलाइन एका डीलरकडून पॅरिऑन या जुन्या ग्रीक शहराचं हेमिड्राक्म म्हणजे अर्धा ड्राक्म (ड्राक्म हे ग्रीकांचं चांदीचं नाणं) घेतलं, ७८०० रुपयांत. कुरिअर आमच्या गावात येत नाही, दारव्ह्याला जाऊन आणलं.

फोटोवरून साइझचा अंदाजच येत नाही बरं. जेमतेम १३ मिमी, जुना स्टीलचा १० पैसा १६ चा होता, त्याहून लहान. पण तेवढ्याशा जागेत मान वळवून मागे पाहणारा बैल काय कोरलाय! वशिंड नाही, तिकडच्या बैलांना सहसा नसतं, पण मानेवरच्या वळ्या भिंगातून एकेक दिसतात. बाबांनी पाहिलं अन् म्हणाले, "याले मांगून कोणी आवाज देल्ला वाटते." पोळ्याला बैल सजवणाऱ्या माणसाची नजर आहे ती. वर-खाली ग्रीक अक्षरात गावाचं नाव पा-रि, माझ्या पीसमध्ये ठसा सरकल्यामुळे खालचं रि अर्धं कापलंय. दुसऱ्या बाजूला गॉर्गन म्हणजे ग्रीक कथांतली राक्षसीण, जीभ बाहेर, डोक्याभोवती साप. वाईट नजर दूर राहावी म्हणून ग्रीक लोक हेच तोंड ढालीवर, देवळावर लावायचे, आपण नव्या घरावर राक्षसाचं तोंड टांगतो तसंच.

पॅरिऑन म्हणजे मार्मरा समुद्राकाठचं छोटं शहर, आज तुर्कीत चानाक्काले प्रांतात. नाणं इ.स.पू. ४थ्या शतकाचं, इ.स.पू. ३३४ मध्ये अलेक्झांडर पर्शियाविरुद्धची पहिली मोठी लढाई, ग्रॅनिकसची, जिंकला ती नदी तिथून जवळच. अन् डीलरनं लिस्टिंगमध्ये याला चक्क 'रोमन' लिहिलंय, हे मनाला लागलं.

गावातल्या सोनाराच्या काट्यावर २.३६ ग्रॅम भरलं, ही नाणी २.४ च्या आसपासच असतात. कडेला साच्याची रेघ नाही, अंगावर बुडबुड्यांचे खड्डे नाहीत, म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल नाही, ठसा ठोकून बनवलेलंच आहे. सोनार रिठ्यानं चकाचक करून देतो म्हणाला, मी हात जोडले, तो काळसर रंगच त्याचं वय आहे.

मोठी तक्रार पॅकिंगची. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात पाठवलं, त्यात चांदीवर हिरवा चिकट थर चढतो, घेणाऱ्यांनी त्याच दिवशी कडक कॅप्सूलमध्ये टाका. पाचपैकी साडेतीन. याच्याकडून परत घेईन, पण पैसे टाकायच्या आधी वजन अन् कडेचा फोटो मागून.