पहिली गाडी सेकंडहँड घेतली: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी २०१७ ची वॅगन आर, पेट्रोल, व्हीएक्सआय ऑप्शनल, फर्स्ट ओनर. दिवाळीच्या आधी २ लाख ९५ हजारांना घेतली. रोजचा रस्ता कासारवडवली ते ऐरोली, आणि अधूनमधून माळशेजमार्गे जुन्नरला आजीकडे. चालवणारी मी, वय २३, हातात लायसन्स येऊन वर्षही झालेलं नव्हतं. सुरुवातीचे महिने काहीच लिहिलं नाही, कारण नवी गाडी आली की सगळ्यांनाच ती आवडते. आता पावसाळा, खड्डे आणि विम्याचं नूतनीकरण हे तिन्ही झालंय, म्हणून लिहितेय.

आधी विम्याचं, कारण घरात सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाला. बाबांचं म्हणणं, "गाडी माझ्या नावावर घेऊ, तुझ्या वयाला इन्शुरन्स महाग पडेल." ही समजूत आमच्याकडे इंग्लंडातल्या मावसभावामुळे आली. तिकडे नव्या, तरुण चालकाचा विमा खरोखरच कंबरडं मोडतो. आपल्याकडे हिशोब वेगळा आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या भागाचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो, चालकाच्या वयावर नाही. जून २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आहेत, वर जीएसटी. वॅगन आरचं हे इंजिन ९९८ सीसीचं, म्हणजे दोन सीसीने वाचलो. ओन डॅमेजचा भाग (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, तिचं वय, सीसी आणि नोंदणीचं ठिकाण यावर हलतो. मी बाबांचं नाव टाकून आणि माझं नाव टाकून, दोन्ही कोटेशनं काढली. आकडा तोच.

तरुण चालकाचं नुकसान होतं ते दुसरीकडे. त्याच्याकडे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न करता काढलेल्या वर्षांगणिक ओन डॅमेजच्या हप्त्यावर वाढत जाणारी सूट, नसते. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. आधीच्या मालकाने ३५ टक्के कमावला होता, तो त्याने पत्र घेऊन स्वतःच्या नव्या गाडीसाठी राखून ठेवला. तो बरोबरच होता. मी शून्यापासून. पण म्हणूनच गाडी स्वतःच्या नावावर असावी असं माझं ठाम मत झालंय: २०, २५, ३५, ४५, ५० अशी ती शिडी आहे आणि जितक्या लवकर पहिल्या पायरीवर पाय ठेवाल तितकं बरं. शिवाय बाबांकडे चारचाकीचं लायसन्सच नाही. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर लायसन्स असलेल्या मालकालाच लागू होतं. त्यांच्या नावावर गाडी घेतली असती तर ते कव्हर आणि बोनस, दोन्ही माझ्या कामाचे राहिले नसते.

आता एजंटांच्या आवडत्या वाक्याकडे येते. "मॅडम, पॉलिसी चार महिने चालू आहे, संपली की नवीन काढा." हे अजिबात ऐकू नका. आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र) तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असेल, तर थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने तुमच्याकडे येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम फेटाळला जाऊ शकतो. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. मी केला. जुन्या मालकाला मिळालेल्या बोनसचा उरलेल्या काळापुरता फरक आणि किरकोळ शुल्क भरावं लागलं, एकूण हजाराच्या आत. एका रात्रीच्या झोपेसाठीसुद्धा मी तेवढे दिले असते.

नूतनीकरणाला ओन डॅमेज साधारण ३,१००, थर्ड पार्टी २,०९४, अपघात कव्हर साडेतीनशेच्या आत, वर १८ टक्के जीएसटी. मिळून साडेसहा हजार. झिरो डेप (घसारा न कापता क्लेम देणारं जादा कव्हर) कुणी दिलं नाही, गाडीचं वय बघून सगळ्यांनी हात वर केले. इंजिन प्रोटेक्टचंही (पाणी शिरून इंजिन गेलं तर लागणारं कव्हर) तेच. त्यामुळे पावसाळ्यात नियम एकच ठेवला: विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली किंवा ठाण्यात वंदनापाशी पाणी दिसलं की गाडी मागे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून इंजिन गेलं, तर साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज मिळूनच्या पॉलिसीत) ते सहसा बसत नाही. ऑफिसला उशीर झालेला परवडतो.

गाडी शोधताना सीएनजीचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पण पाहिलेल्या एका गाडीत बाहेरून बसवलेलं किट होतं आणि आरसीवर त्याची नोंदच नव्हती. विमा कंपनीला वाद घालायला आणखी काय हवं? टाकीची तीन वर्षांनी चाचणी, डिकी गेलेली, पंपावरची रांग. माझ्या धावण्यात हे वसूल होणार नव्हतं. ज्यांचं रोजचं धावणं मोठं आहे त्यांनी घ्यावी, पण कंपनी फिटेड आणि आरसीवर नोंद असलेलीच. एअरबॅगबद्दल मात्र तडजोड नको. चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांत सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांमध्ये ती आहे की नाही हे व्हेरियंटवर असतं, म्हणून मी एअरबॅग असलेल्या ऑप्शनल व्हेरियंटच्या मागे लागले आणि त्यासाठी थोडे जास्त मोजले.

सौदा करताना सगळ्यात उपयोगी पडली ती टायरवरची तारीख. साईडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. खाच भरपूर शिल्लक, वरून काळं पॉलिश मारलेलं, एजंट नाण्याने खोली मोजून दाखवत होता. आमच्या मिस्त्रीभाऊंनी अंगठ्याने रबर दाबलं तर बाजूला बारीक बारीक चिरा उघडल्या. "ताई, गाडी चांगलीये, चपला बदला," एवढंच म्हणाले. त्यावर मालकाने १२ हजार कमी केले, टायर पडले १५ हजारांना.

बाकी खर्च पटकन सांगते. बॅटरी ४,२००. ऑईल, कूलंट, ब्रेक पॅड धरून सर्व्हिस साडेसात हजार. एजंट आणि आरटीओ मिळून पाचेक हजार. मालकाने मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर समोर सह्या केल्या आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र दिलं. जुनी ई-चलनं पैसे देण्याआधी ऑनलाइन बघून त्याच्याकडूनच भरून घेतली. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट त्याने लावलेली नव्हती. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती महाराष्ट्रात सक्तीची आहे, तो खर्च माझ्या माथी आला. म्हणजे तीन लाखांची तयारी असेल तर गाडी अडीच-पावणेतीनची बघा. उरलेले पहिल्या दोन महिन्यांत जातातच.

चालवायला गाडी नवशिक्यांसाठी सोपी आहे. उंच बसायला मिळतं, काचा मोठ्या, पार्किंगमध्ये कोपरे समजतात. घोडबंदरवर सिग्नल आणि मेट्रोच्या कामातून १४ च्या आसपास मायलेज मिळतं, कळव्याच्या नव्या पुलावरून पुढे ठाणे-बेलापूर रोडला लागलं की सुधारतं. मुलुंडकडून ऐरोली पुलावरून गेलं तरी ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना टोल नाही, त्यामुळे ट्रॅफिक बघून रस्ता ठरवते. माळशेजच्या चढावर चार माणसं बसली की दुसरा गिअर टाकावा लागतो. घाई असलेल्यांनी मोठं इंजिन बघावं.

जुलैत कापूरबावडीला एका रिक्षाने मागचा बंपर फाडला. वर्कशॉपचं एस्टिमेट आलं ६,८०० चं: बंपर ३,०००, रंग ३,२००, मजुरी ६००. क्लेम केला असता तर प्लास्टिकवर निम्मा घसारा म्हणजे १,५०० गेले असते, रंगाच्या मटेरियलवरचे ४००, सक्तीचा डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आपणच भरायची ठरलेली रक्कम) १,०००. माझ्या खिशातून २,९०० आणि वर पुढच्या वर्षीचा २० टक्के बोनस गुल. माजिवड्याच्या डेंटरने तोच बंपर प्लास्टिक वेल्डिंग करून, रंगवून २,२०० मध्ये दिला. उन्हात नीट पाहिलं तर रंगात किंचित फरक कळतो. मला चालतो.

रोज पुण्याला एक्सप्रेस-वेने जायचं असेल तर ही गाडी घेऊ नका. ठाणे-नवी मुंबईत फिरणाऱ्या, सोसायटीत अरुंद पार्किंग असलेल्या आणि अजून हात बसायचा असलेल्या माणसाला मी हीच सुचवेन, फक्त २०१७ ऐवजी जमल्यास २०१८ ची बघा. पंधरा वर्षांनी आरसी नूतनीकरणाला फिटनेस चाचणी करावी लागते. तेवढंच एक वर्ष जास्त मिळेल आणि विकताना भावही बरा येईल.