सहा महिन्यांनंतर काय उरलं?

पुस्तक संपलं की त्याच रात्री मी त्याच्याबद्दल जे लिहिते, त्यावर माझाच विश्वास राहिलेला नाही. जुनी वही चाळली तर दर तिसऱ्या पुस्तकापुढे 'अप्रतिम' लिहिलंय, आणि त्यातल्या निम्म्या पुस्तकांच्या नायकाचं नावसुद्धा आता सांगता येत नाही. म्हणून पद्धत बदलली. पुस्तक संपलं की वहीत फक्त तारीख टाकायची. सहा महिने गेले की पुस्तक न उघडता आठवेल तेवढं लिहायचं आणि मग कपाटातून काढून ताडून बघायचं. खाली जी पुस्तकं सुचवते आहे, ती या चाळणीत टिकलेली आहेत.

सगळ्यात जास्त उरलं ते अतुल गावंडे यांचं 'बीइंग मॉर्टल' (२०१४). गावंडे शल्यचिकित्सक. म्हातारपण आणि असाध्य आजार समोर आला की वैद्यकशास्त्र आयुष्य लांबवण्यात इतकं गुंतून जातं, की माणसाला नेमकं काय हवंय हे विचारायचं राहूनच जातं, हा पुस्तकाचा गाभा. पण गाभा कुणाला आठवतो? मला आठवले ते पोपट. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृद्धाश्रमात बिल थॉमस नावाच्या तरुण डॉक्टरने ठरवलं की इथे जिवंतपणा आणायचा. दोन कुत्रे, चार मांजरं आणि पक्षी. वहीत मी 'दोनशे पक्षी' लिहिलं होतं, ताडून बघितलं तर शंभरच निघाले. पक्षी आले आणि पिंजरे मात्र आलेच नव्हते. आणणाऱ्याने सगळे पक्षी केस कापायच्या खोलीत सोडले, दार लावलं आणि तो निघून गेला. नंतर पिंजरे आले तेव्हा कर्मचाऱ्यांची जी पळापळ झाली, ती बघून म्हातारी मंडळी पोट धरून हसली.

दुसरी गोष्ट एका डॉक्टर मुलीची. मरणाच्या दारातल्या रुग्णांशी कसं बोलावं, हाच तिचा व्यवसाय. वडिलांच्या मणक्याची अवघड शस्त्रक्रिया ठरते, आणि आदल्या रात्री तिच्या लक्षात येतं की किती सोसायची तयारी आहे हे आपण त्यांना विचारलेलंच नाही. ते म्हणतात, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला तर मला जगायचंय. प्राध्यापकी केलेला माणूस! मुलगी थक्क होते. नंतर गुंतागुंत होऊन तातडीने निर्णय घ्यायची वेळ येते, तेव्हा ती सर्जनना नेमके हेच दोन प्रश्न विचारते, आणि उत्तर 'हो' आल्यावर पुढे जायला सांगते. मीही हा प्रश्न बाबांना विचारून बघितला. ते म्हणाले, "आधी पेपर वाचून होऊ दे." अजून होतोय.

वृद्धाश्रमांच्या अमेरिकन इतिहासाची प्रकरणं मी भराभर उलटली, ती काही उरली नाहीत. पण या पुस्तकाने मला पुढची दोन पुस्तकं दिली.

पहिलं टॉलस्टॉयचं. गावंडे सुरुवातीलाच 'द डेथ ऑफ इव्हान इलिच'चा दाखला देतात. १८८६ सालची ही लघुकादंबरी, बारा छोटी प्रकरणं, दोन संध्याकाळी पुरतात. इव्हान इलिच न्यायाधीश आहे. नव्या घरात पडदे कसे लावायचे ते कारागिराला दाखवताना शिडीवरून त्याचा पाय घसरतो, कुशीला जरासा मार लागतो. पुढे तिथेच दुखायला लागतं. आजूबाजूचे सगळे 'बरं वाटेल हं' म्हणत राहतात. खोटं बोलत नाही तो एकटा गेरासिम, घरातला नोकर. तो रात्र रात्र मालकाचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो, कारण तसं धरलं की मालकाला बरं वाटतं.

वाचताना हा गेरासिमच लक्षात राहील अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात सहा महिन्यांनी आधी आठवलं ते पहिल्याच प्रकरणातलं बुटकं गादीचं आसन. गोष्ट सुरूच होते ती इव्हान इलिच गेल्यावर. मित्र समाचाराला आलाय, आसनाच्या स्प्रिंगा बिघडलेल्या आहेत, तो जरा हलला की आसन कुरकुरतं आणि त्याला खालून ढोसतं. विधवा रडता रडता सरकारकडून जास्त पैसे कसे निघतील याची चौकशी करते, आणि मित्राचं अर्धं लक्ष आज पत्ते खेळायला मिळतील का याच्याकडे. अशा भेटीला गेलेल्या कुणालाही हे वाचून ओशाळायला होईल. मला झालं.

दुसरं मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (२०११). याची शिफारस जरा अडखळतच करते. वेदना आपण कशी लक्षात ठेवतो, हा धागा गावंडे यांच्याकडे काहनेमनकडूनच आलाय. त्यातला थंड पाण्याचा प्रयोग मला जवळजवळ जसाच्या तसा आठवला. एक हात १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद. दुसरा हात तितकाच वेळ तितक्याच थंड पाण्यात आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या ३० सेकंदांत पाणी किंचित कोमट होत जातं. पुन्हा कोणतं करणार असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचंच निवडलं. शेवट कमी त्रासाचा झाला, एवढंच मनाने धरून ठेवलं. संपल्या संपल्या लिहिलेल्या माझ्या परीक्षणांचं असंच होत असणार. शेवटची पन्नास पानं रंगली की सगळं पुस्तक 'अप्रतिम'.

पण याच पुस्तकात, म्हातारपणाशी निगडित शब्द वाचायला दिले की तरुण विद्यार्थी हळू चालायला लागतात, अशा तऱ्हेचे प्रयोग अगदी ठामपणे सांगितलेत. २०१२ मध्ये तो प्रयोग पुन्हा करून बघितला, तर चालीतला फरक तेव्हाच दिसला जेव्हा प्रयोग घेणाऱ्यांनाच तो अपेक्षित होता. २०१७ मध्ये काहनेमन यांनी जाहीरपणे मान्य केलं की लहान नमुन्यांच्या, म्हणजे मोजक्याच माणसांवर केलेल्या, अभ्यासांवर आपण फाजील विश्वास ठेवला. गंमत म्हणजे लहान नमुन्यांवर विसंबू नका, हे त्यांनी आपले सहकारी आमोस ट्व्हर्स्कींच्या साथीने १९७१ मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि याच पुस्तकात त्यावर एक अख्खं प्रकरण आहे! चूक कबूल करणारा लेखक मला जास्त भरवशाचा वाटतो. तरी शब्दांचा नकळत वागण्यावर परिणाम होतो असं सांगणारं ते प्रकरण वाचताना शेजारी पेन्सिल ठेवा.

मराठीतलं एकच पुस्तक या फेरीत होतं, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९). महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर विध्वंस आणि नाझींच्या छळातून निसटलेली ज्यू हॅर्टा. फार सांगत नाही. सहा महिन्यांनी प्रसंगांचा क्रम मी पार चुकवला होता, पण छातीवरचा दाब तसाच होता. पुन्हा वाचलं ते ताडून बघण्यासाठी नाही.

आणि एक चारशे पानांची रहस्यकथा. नाव सांगत नाही, लेखकाचा काय दोष. रात्री दोनपर्यंत जागून संपवली होती. वहीत मी लिहू शकले ते इतकंच: 'खून होतो. बहुतेक मेहुण्याने.' ताडून बघितलं. मेहुणा त्या कथेत नाहीच.

सध्या लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हातात आहे, दुसऱ्यांदा. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापाशी अजून हसतेच आहे. तारीख टाकायला वहीत जागा सोडली आहे.