एक्सएस६५० की डब्ल्यू६५०? दोन्ही काही महिने चालवल्यावर

पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीला जपानी ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल म्हटलं की राजदूत ३५० आठवते. इथे न्यू जर्सीत मात्र टू-स्ट्रोकच्या भानगडीत न पडता मी दोन फोर-स्ट्रोक मोटरसायकली घेतल्या: १९७८ची यामाहा एक्सएस६५० आणि २०००ची कावासाकी डब्ल्यू६५०. थंडी ओसरल्यापासून दोन्ही आलटून-पालटून चालवतोय.

कागदावर सख्ख्या बहिणी. यामाहा ६५३ सीसी, कावासाकी ६७६. दोघींचेही दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली होतात, त्यामुळे फायरिंग समान अंतराने होतं आणि आवाजाचा बाज जवळपास सारखा. पण कावासाकीत बॅलन्सर, म्हणजे इंजिनाची थरथर मारणारा फिरता शाफ्ट आहे, यामाहात नाही. ताशी ६५ मैलांवर यामाहाच्या आरशात मागे काहीतरी आहे एवढंच कळतं. ट्रक की कार, ते विचारू नका. अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येतात. डब्ल्यूवरून त्याच रस्त्याने गेलो तर उतरल्यावर चहाचा कप हातात धड धरता येतो.

डब्ल्यूचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, लांब आहे: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ आणि स्ट्रोक ८३ मिमी. चौथ्या गिअरमध्ये गावातून रमतगमत जा, तक्रार नाही. यामाहा ७५ बाय ७४. तिला जरा पिळली की मजा येते. डब्ल्यूच्या उजव्या बाजूला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारा बेव्हल गिअरचा उभा शाफ्ट आहे. सिग्नलला हमखास कोणीतरी त्याबद्दल विचारतं.

यामाहाचं इंजिन दणकट, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) रोलर आणि बॉल बेअरिंगवर. दुखणं आहे ते वायरिंगचं आणि चार्जिंगचं. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला, रोटरला, चुंबक करायला बॅटरीचाच करंट लागतो आणि तो दोन छोट्या कार्बन ब्रशमधून जातो. ब्रश झिजले की हेडलाइट मिणमिणतो आणि बॅटरी हळूहळू बसते. माझ्या गाडीचं तेच झालं होतं. ज्या गॅरेजवाल्याने आधी पाहिली, त्याने नवी बॅटरी गळ्यात मारली; डाव्या बाजूचं कव्हर उघडायची तसदी घेतली नाही. मी उघडलं तर एक ब्रश पार संपलेला. नवे घातले, प्रश्न मिटला.

पार्ट्सच्या बाबतीत उलटा प्रकार. एक्सएस अमेरिकेत १९७० पासून १९८३ पर्यंत विकली गेली, त्यामुळे तिचं काहीही मिळतं. डब्ल्यू इथे फक्त २००० आणि २००१ सालच्या मॉडेलांत आली. टाकीला पोचा पडला तर शोधत बसा.

एकच घ्यायची असेल तर डोळे मिटून डब्ल्यू घ्या. यामाहा बघायला गेलात, तर आधी ऑइल सम्पमधली (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तिथली) जाळी काढून बघा. ती हमखास फाटलेली असते. माझ्या यामाहाला मी आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतोय. ठिणगीची वेळ साधणारे जुने पॉइंट घासायची हौस फिटली.