राजघराण्यातल्या सुनेचं नाव: माहेरचं लिहावं की पदवीचं?

वंशावळ मांडायची असो, ग्रंथाची सूची करायची असो, संग्रहालयात तसबिरीखाली पट्टी लावायची असो, हा पेच पहिल्याच दिवशी समोर येतो. ताराबाई मोहिते, ताराबाई भोसले की महाराणी ताराबाई? डायना स्पेन्सर की प्रिन्सेस ऑफ वेल्स? दोन्ही रीतींना सबळ कारणं आहेत. घोळ होतो तो एकाच पुस्तकात पानागणिक रीत बदलल्यामुळे. आमचा कौल आधीच देऊन टाकतो: वंशावळीत आणि सूचीत माहेर हवंच, चालत्या मजकुरात त्या-त्या तारखेची पदवी, आणि जिनं स्वतः कारभार केला तिला तिच्या कारभाराच्या नावानंच ओळखावं.

माहेर का लागतं

शिवाजीमहाराजांच्या राण्यांची यादी घ्या. सईबाई निंबाळकर, सोयराबाई मोहिते, पुतळाबाई पालकर, सकवारबाई गायकवाड, काशीबाई जाधव, सगुणाबाई शिर्के, लक्ष्मीबाई विचारे, गुणवंताबाई इंगळे. आठही जणींना ‘भोसले’ लावलं की यादीतून हाती काहीच लागत नाही. माहेर लावलं की फलटण, तळबीड, शृंगारपूर असा सोयरिकींचा नकाशाच उभा राहतो. नातवाच्या काळात तर नावंही परत येतात: शाहूमहाराजांच्या राण्यांतही एक सकवारबाई आणि एक सगुणाबाई आहेत. नुसतं ‘राणी सकवारबाई’ लिहिलंत तर वाचक आजोबांची राणी समजेल की नातवाची, याचा भरवसा नाही.

मोहित्यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. भोसल्यांकडे या घराण्यातून तीन पिढ्या मुली आल्या: शहाजीराजांच्या तुकाबाई, शिवाजीराजांच्या सोयराबाई, राजाराममहाराजांच्या ताराबाई. ताराबाई ही सेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक, आणि सोयराबाई हंबीररावांची बहीण. म्हणजे ताराबाईंची सासू हीच त्यांची आत्या. १६८० मध्ये महाराज गेल्यावर सोयराबाईंनी राजारामांना गादीवर बसवलं, तेव्हा हंबीरराव सख्ख्या बहिणीला सोडून संभाजीराजांच्या बाजूला गेले. ‘महाराणी सोयराबाई’ आणि ‘सरसेनापती हंबीरराव’ अशा दोन भारदस्त पदव्यांत हे भावाबहिणीचं नातं दिसतच नाही. ‘मोहिते’ हे तीन अक्षरी आडनाव दोघांच्या पुढे ठेवलं की ते आपोआप उघडं पडतं.

शिर्क्यांचंही तेच. येसूबाई शिर्क्यांची लेक भोसल्यांकडे आली, आणि शिवाजीराजांची लेक राजकुंवर शिर्क्यांच्या गणोजीला दिली; साटंलोटं. छत्रपती आणि शिर्के यांच्यातला पुढचा बेबनाव वाचताना हे दुहेरी मेव्हणेपण डोळ्यांसमोर नसेल, तर अर्धी गोष्ट हातून निसटते. राजस्थानात ही सोय प्रथेतच होती. तिथल्या राण्या सासरीही माहेरच्या कुळानंच ओळखल्या जात. मारवाडच्या मालदेवाची रुसलेली राणी उमादे आजही ‘भटियाणी’, म्हणजे जैसलमेरच्या भाटींची लेक.

माहेर कुठे फसवतं

आडनाव एकटं पुरत नाही. अहिल्याबाई होळकरांचं माहेर शिंदे, म्हणून ‘अहिल्याबाई शिंदे’ लिहिलंत की वाचकाच्या डोळ्यांपुढे ग्वाल्हेर येतं. प्रत्यक्षात त्या चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या कन्या, कण्हेरखेडच्या, म्हणजे ग्वाल्हेरकर, शिंद्यांच्या नव्हेत. कोल्हापूरच्या जिजाबाई, म्हणजे ताराबाईंच्या सवतीचा मुलगा संभाजी यांची राणी, तोरगलच्या शिंद्यांकडून आलेल्या. आणि बायजाबाई शिंदे सासरकडून शिंदे. माहेर कागलचे घाटगे. तिघींच्याही नोंदीत ‘शिंदे’ येणार, आणि तिन्ही घरं निराळी. म्हणून नियम असा, की माहेरच्या आडनावाबरोबर गाव लिहिल्याशिवाय नोंद पूरी समजायची नाही.

दुसरा सापळा पाळण्यातल्या नावाचा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नावही बदलत असे, त्यामुळे ‘माहेरचं नाव’ या एका सदरात दोन गोष्टी येतात: जन्मनाव आणि आडनाव. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची पहिली राणी तंजावरकडच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई, दुसरी देवासच्या घाटग्यांची गजराबाई. लग्नानंतर दोघींचंही नाव चिमणाबाई. आता ‘चिमणाबाई घाटगे’ किंवा ‘गजराबाई गायकवाड’ असं लिहिणं म्हणजे अर्धं नाव लग्नाआधीचं आणि अर्धं नंतरचं. अशी बाई कधी नव्हतीच. एकतर दोन्ही भाग लग्नाआधीचे घ्या, नाहीतर दोन्ही नंतरचे.

जन्मनावाची खात्री नसेल तर? जुन्या घराण्यांत बहुतेकदा नसतेच. अशा वेळी सूचीत आडनाव नावाला जोडू नये, कंसात टाकावं: ‘सोयराबाई (माहेर मोहिते, तळबीड)’. लहानपणी त्यांना काय हाक मारत याबद्दल ही नोंद कसलाच दावा करत नाही, आणि माहिती तर सगळी देते. वर आम्हीही राण्यांच्या यादीत ‘सोयराबाई मोहिते’ असंच लिहिलं आहे. बोलताना, यादी सांगताना ते चालून जातं, सूचीत चालवू नये. जाताजाता एक गोष्ट: दत्तक गेलेल्या पुरुषांबाबत हा वाद कधीच होत नाही. कोल्हापूरचे शाहूमहाराज मूळचे कागलचे यशवंतराव घाटगे, सयाजीराव मूळचे कवळाण्याचे गोपाळराव, हे प्रत्येक चरित्र पहिल्या पानावर सांगतं. सुनांनाही तेवढीच एक ओळ द्यायची आहे.

पदवीची बाजू

पदवीचा मोठा गुण असा, की ती त्या क्षणाचं स्थान सांगते. दोष असा, की ती एकीची राहत नाही. ‘डचेस ऑफ यॉर्क’ ही पदवी १८९३ मध्ये मेरी ऑफ टेक यांना मिळाली, १९२३ मध्ये एलिझाबेथ बोज-लायन यांना, १९८६ मध्ये सारा फर्ग्युसन यांना. शंभर वर्षांच्या आत तिघी. जुन्या छायाचित्राखाली नुसतं ‘डचेस ऑफ यॉर्क’ असेल तर आधी टोपीची फॅशन बघून दशक ठरवावं लागतं, मग बाई.

इंग्रजी संदर्भग्रंथांची रूढ वाट यातूनच निघाली: हयात राणी पदवीनं, दिवंगत राजपत्नी माहेरच्या नावानं. हयातीत पदवी एकीचीच असते; मेल्यावर ती पुढच्या सुनेकडे जाते आणि मागची बाई निनावी होते. आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांत तीन कॅथरीन आणि दोन ॲन. ॲरागॉन, बुलिन, सीमोर, क्लीव्ह्ज, हॉवर्ड, पार ही उपपदं काढली तर सहाजणींची गोष्ट सांगताच येणार नाही. रशियात तर याहून कहर. मारिया फ्योदोरोव्हना नावाच्या दोन सम्राज्ञी: एक वुर्टेम्बर्गची, मृत्यू १८२८, दुसरी डेन्मार्कची डागमार, मृत्यू १९२८. अलेक्झांड्रा फ्योदोरोव्हनाही दोन, एक प्रशियाची शार्लोट, एक हेसची आलिक्स, आणि दोघींच्या नवऱ्यांची नावंही निकोलस. इथे नाव, पदवी, नवरा यांपैकी काहीच कामी येत नाही; माहेरच येतं.

पदवी तारखेशी बांधलेली असते, हे विसरल्यावर नेहमीच्या चुका होतात. कॅमिला २००५ ते २०२२ या काळात डचेस ऑफ कॉर्नवॉल होत्या. त्या तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स चार्ल्स यांच्या पत्नी असल्यानं ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ या पदवीचा हक्क त्यांना होता, पण डायनाच्या आठवणीमुळे त्यांनी तो वापरला नाही. म्हणजे २०१० सालच्या प्रसंगात ‘राणी कॅमिला’ चूक आणि ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ही दिशाभूल करणारं. मराठीत त्यांचं ‘माहेरचं’ म्हणून पार्कर बोल्स हे आडनाव सर्रास छापलं जातं. ते पहिल्या नवऱ्याचं. माहेर शॅंड. आठव्या एडवर्डनं ज्यांच्यासाठी गादी सोडली त्या वॉलिस सिंप्सन यांचं प्रकरण तसंच. सिंप्सन हे दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव, माहेर वॉरफिल्ड, आणि मे १९३७ मध्ये त्यांनी कायदेशीरपणे वॉरफिल्ड परत घेतलं. ३ जूनला लग्न झाल्यावर त्या डचेस ऑफ विंडसर झाल्या, ‘हर रॉयल हायनेस’ हे राजघराण्याचं संबोधन मात्र मिळालं नाही. विधवा किंवा घटस्फोटित स्त्री राजघराण्यात आली की ‘लग्नाआधीचं नाव’ आणि ‘माहेरचं नाव’ ही दोन वेगळी सदरं ठेवावीत. कॅथरीन पार हेन्रीशी लग्न करताना आधीच्या नवऱ्याकडून लेडी लॅटिमर होत्या, तरी सूचीत ‘पार’च.

डायनाची नोंद ‘राजकुमारी डायना’ अशी करू नये, कितीही सवयीची वाटली तरी. त्या जन्मानं राजकन्या नव्हत्या, अर्लच्या कन्या म्हणून लेडी डायना स्पेन्सर होत्या. १९८१ ते १९९६ त्या प्रिन्सेस ऑफ वेल्स. २८ ऑगस्ट १९९६ ला घटस्फोट झाल्यावर ‘डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स’. नाव आधी, स्वल्पविराम, मग पदवी. तो स्वल्पविराम घटस्फोट सांगतो. मुद्रितशोधकानं तो उडवला तर दर्जाच बदलतो.

विधवापणाचंही असंच. फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडात एकदम तीन राण्या होत्या: गादीवरची एलिझाबेथ, तिची आई एलिझाबेथ, आजी मेरी. आई आणि लेक एकाच नावाच्या, म्हणून आईला ‘क्वीन एलिझाबेथ द क्वीन मदर’ असं लांबलचक संबोधन लागलं. मेरीही १९३६ पासून राजमाताच होती, पण नाव वेगळं असल्यानं शेवटपर्यंत ‘क्वीन मेरी’ म्हणूनच राहिली.

आपल्याकडे ‘राजे’ या उपपदाकडे नीट बघा. ते लेकींनाही लागतं, सुनांनाही. ग्वाल्हेरच्या विजयाराजे जन्मानं लेखा दिव्येश्वरी. ‘राजे’ १९४१ मधल्या लग्नानं आलं, आणि १९६१ मध्ये जिवाजीराव गेल्यावर त्या ‘राजमाता’. त्यांची कन्या वसुंधराराजे धौलपूरच्या घराण्यात गेल्या, त्यांनी ‘राजे’ माहेरून नेलं. आई-मुलीच्या नावात एकच उपपद, आलं मात्र दोन उलट दिशांनी. तेव्हा ‘राजे’ दिसलं म्हणून लेक की सून हे ठरवू नका.

जिनं स्वतः राज्य केलं

इथे वाद फारसा नाही. लक्ष्मीबाईंना कुणी मनकर्णिका तांबे म्हणून शोधत नाही, नेवाळकर म्हणूनही नाही. ‘झाशीची राणी’ हेच नाव चाललं आणि तेच मुख्य ठेवावं. अहिल्याबाई होळकर, ताराबाई यांचंही तसंच. माहेर नोंदीच्या पोटात.

नोंद कशी करायची

मुख्य नाव एकच ठरवा: ज्या नावानं ती लग्नानंतर ओळखली गेली ते. पुढे क्रमानं जन्मनाव, माहेरचं घराणं आणि गाव, विवाहाचं वर्ष, पती, पदव्या कालखंडासह, मृत्यू. उदाहरणार्थ:

चिमणाबाई (दुसऱ्या), गायकवाड, बडोदा. जन्मनाव गजराबाई, माहेर घाटगे, देवास. विवाह १८८५, सयाजीराव तिसरे. महाराणी १८८५ ते १९३९. मृत्यू १९५८.

कॅथरीन, प्रिन्सेस ऑफ वेल्स. माहेर मिडलटन. विवाह २९ एप्रिल २०११, विल्यम. डचेस ऑफ केंब्रिज २०११ पासून, प्रिन्सेस ऑफ वेल्स सप्टेंबर २०२२ पासून.

‘पहिल्या’, ‘दुसऱ्या’ ही खूण गाळली तर काय होतं ते बडोद्यात बघता येतं. तिथला चिमणाबाई मनोरा १८९६ चा, आणि ज्यांच्या स्मरणार्थ तो बांधला त्या पहिल्या चिमणाबाई १८८५ मध्येच वारल्या. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या त्या दुसऱ्या. एका ओळीच्या नोंदीत दोघी मिसळल्या की मृत बाई परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसते.

मुख्य नावाखेरीज बाकी सगळी नावं ‘पाहा’ देऊन सूचीत हवीतच. ‘मिडलटन, केट: पाहा कॅथरीन’. ‘मनकर्णिका तांबे: पाहा लक्ष्मीबाई’. लोक आजही केट मिडलटनच शोधतात, आणि शोधणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवणारी सूची कितीही शुद्ध असली तरी निकामी.

दोन आडनावं जोडणीनं लिहिण्याची आजची पद्धत, ‘जिजाबाई जाधव-भोसले’ यासारखी, सतराव्या शतकाला लावू नका. हयात व्यक्तींनी स्वतः तसं नाव घेतलं असेल तर मात्र तेच. स्पेनच्या राणी लेतिसिया यांचं ओर्तिस हे आडनाव लग्नानं गेलं नाही, कारण तिथे बायकांचं आडनाव बदलतच नाही. उलट जपानच्या सम्राज्ञी मासाको यांचं ओवादा १९९३ च्या विवाहाबरोबर संपलं, कारण तिथल्या राजकुटुंबाला आडनावच नाही. पहिलीला ‘माहेर’ हे सदर लावू नये, दुसरीला लावावं.

भारतातल्या हयात व्यक्तीबाबत आणखी एक. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांची मान्यता गेली. त्यामुळे करारपत्र, न्यासाचे कागद, सरकारी अर्ज यांत ‘महाराणी’ न लिहिता ओळखपत्रावरचं नाव लिहावं. निमंत्रणपत्रिकेत आणि गौरवग्रंथात घराण्याच्या रीतीप्रमाणे.

पट्टीवर एकच ओळ मावत असेल तर छायाचित्राची तारीख निर्णय देईल. २६ एप्रिल १९२३ च्या सकाळी घराबाहेर पडणारी वधू ‘लेडी एलिझाबेथ बोज-लायन’, चर्चमधून परतणारी ‘डचेस ऑफ यॉर्क’. तारीखच माहीत नसेल, तर सर्वांत परिचित नाव आणि कंसात माहेर, एवढंच लिहा. पदवी टाकू नका.